चार मासे सोन्याचा फ्रँक

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मला १९६० सालचं एक फ्रँकचं नाणं मिळालं. निकेलचं, सहा ग्रॅम वजनाचं, अजूनही चकचकीत. एका बाजूला एक बाई चालता चालता बी फोकते आहे. कुशीला बियाण्याची झोळी, डोक्यावर क्रांतीच्या काळातली टोपी, केस वाऱ्यावर, मागे उगवता सूर्य. ओस्कार रोती या शिल्पकाराने १८९७ मध्ये ही पेरणारी घडवली आणि फ्रान्सने ती परत परत नाण्यांवर आणली. दुसऱ्या बाजूला साधंच लिहिलंय, '१ फ्रँक'.

पण हा कुठला फ्रँक? १९५९ च्या ३१ डिसेंबरला पॅरिसमध्ये एक फ्रँक म्हणजे जेवढा पैसा होता, त्याच्या शंभर पट पैसा या नाण्यात आहे. एका रात्रीत फरक झाला. नाव तेच, देश तोच. आतली किंमत किती आणि ती ठरवतो कोण, हे समजून घ्यायला गेलो तेव्हा मला साडेसहाशे वर्षं मागे जावं लागलं.

वाटेत हरवू नये म्हणून आपल्याच सराफकट्ट्यावरचं माप बरोबर घेऊ. तोळ्याचे बारा मासे, माश्याच्या आठ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर मासा एक ग्रॅमहून किंचित कमी आणि गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा भाग. फ्रँक या शब्दात कधी किती सोनं होतं, ते या मापात बघत जायचं.

पहिला फ्रँक निघाला तो खंडणीपायी. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती जिवंत सापडला. सुटकेची किंमत ठरली तीस लाख सोन्याची एक्यू नाणी. राज्य आधीच युद्धाने आणि प्लेगने पिचलेलं, तरी पहिला हप्ता उभा राहिला आणि राजा सुटून आला. ५ डिसेंबर १३६० ला त्याने नवं सोन्याचं नाणं काढायचा हुकूम केला. त्यावर तलवार उगारून घोडा दौडवणारा राजा आहे. फ्रँक या शब्दाचा एक अर्थ मोकळा, स्वतंत्र. नाण्यावरच्या लॅटिन मजकुरात 'फ्रँकांचा राजा' असंही होतंच. दोन्ही अर्थ लोकांच्या तोंडी एकत्र बसले. वजन ३.८८ ग्रॅम, म्हणजे आपल्या मापाने बरोबर चार मासे. तोळ्याचा तिसरा हिस्सा, जवळजवळ शुद्ध.

त्या राजाचं पुढे काय झालं ते सांगतोच, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. उरलेल्या खंडणीसाठी त्याचा मुलगा इंग्रजांकडे ओलीस होता. तो पळाला. शब्द मोडला गेला म्हणून जाँ स्वतः उठून लंडनला परत कैदेत गेला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला. खंडणी पुरती कधीच फिटली नाही. पण फ्रँक ज्याच्यापासून सुरू झाला, तो माणूस दिल्या शब्दासाठी परत गेला होता.

आता थोडा किचकट भाग. त्या काळात फ्रान्समध्ये हिशोब फ्रँकमध्ये चालत नसे, 'लिव्र'मध्ये चाले. एका लिव्रचे वीस सू, एका सूचे बारा दनिए. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या, तशीच ही उतरंड. गंमत अशी की लिव्र नावाचं नाणंच जवळपास कधी नसे. ते वहीतलं चलन होतं. उधारी, भाडं, पगार, कर सगळं लिव्रमध्ये लिहायचं आणि चुकवायचं मात्र हाताला येईल त्या सोन्याचांदीच्या नाण्यात. कुठलं नाणं किती लिव्रचं, हे राजा ठरवी. १३६० चा फ्रँक एका लिव्रचा ठरला, म्हणून लोक लिव्रलाच फ्रँक म्हणायला लागले. १६४१ मध्ये फ्रँकची नाणी पाडणं कायमचं थांबलं, तरी बोलण्यातला फ्रँक गेला नाही.

वहीतलं चलन वेगळं आणि हातातलं वेगळं, यात राजाला एक मोठी सोय होती. समजा राजाने सावकाराकडून १२०० लिव्र घेतले आणि तेव्हा सोन्याचा एक 'लुई' वीस लिव्रचा आहे. म्हणजे कर्ज साठ लुईंचं. मग राजाने फर्मान काढलं की आजपासून लुई चोवीस लिव्रचा. सावकाराच्या वहीत अजून १२०० च आहेत, पण राजा आता पन्नास लुई देऊन मोकळा. नाण्याला हात लावला नाही, कस कमी केला नाही, टांकसाळीची भट्टीसुद्धा पेटवली नाही, आणि दहा सोन्याची नाणी वाचली. पिढ्यान्‌पिढ्या हे होत राहिलं. म्हणून १३६० मध्ये चार मासे सोनं विकत घेणारा लिव्र राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर अडीच गुंजांपर्यंत घसरला होता.

१७८९ ची क्रांती झाली ती मुळात राज्याचं दिवाळं वाजल्यामुळे. तिजोरी रिकामी, कर्जाचे डोंगर. नवी राष्ट्रसभा कर्ज बुडवायला तयार नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. २ नोव्हेंबर १७८९ ला तिने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राची केली. सूचना आली होती तालेराँकडून, आणि तो स्वतः बिशप होता. जमिनी अफाट, पण त्या एकदम विकायला काढल्या तर भाव कोसळणार. म्हणून डिसेंबरमध्ये चाळीस कोटी लिव्रचे कागद काढायचं ठरलं. नाव 'आसिन्या', म्हणजे अमुक जमिनीवर नेमून दिलेला हक्क. आज राज्याला पैसे द्या, हा कागद घ्या, त्यावर पाच टक्के व्याज घ्या, उद्या जमिनीचा लिलाव होईल तेव्हा हाच कागद देऊन जमीन घ्या. कागद परत आला की तो जाळून टाकायचा. जितकी जमीन विकली जाईल तितका कागद नाहीसा होईल.

मला ही कल्पना आजही पटते. या कागदामागे खरोखरची शेतं होती, द्राक्षमळे होते, मठांच्या इमारती होत्या. पहिल्या आसिन्या हजार-हजार लिव्रच्या असत. बाजारहाटासाठी त्या नव्हत्याच, तो कर्जरोखा होता. घात झाला तो पुढच्या पायऱ्यांवर, आणि प्रत्येक पायरी त्या वेळी वाजवी वाटत होती. एप्रिल १७९० मध्ये व्याज तीन टक्क्यांवर आणलं आणि कागद देण्याघेण्यात चालवणं सक्तीचं केलं. सप्टेंबरात आणखी ऐंशी कोटी, आता बिनव्याजी. रोख्याची नोट झाली. अर्थमंत्री नेकेर विरोधात होता, तो राजीनामा देऊन गेला. १७९१ मध्ये पाच लिव्रच्या नोटा आल्या, मग थेट दहा सूच्या. लोकांनी चांदीची नाणी दडवली आणि कागद पुढे ढकलायला सुरुवात केली.

एप्रिल १७९२ मध्ये युद्ध पेटलं आणि परत आलेला कागद जाळण्यापेक्षा नवा छापणं सोपं झालं. सैन्याला भाकरी, बूट, दारूगोळा रोज लागतो, जमिनीचे लिलाव वर्षभर चालतात. या दोन वेगांमध्ये आसिन्या चिरडली गेली.

त्यातली एखादी छोटी नोट जवळून बघा. हातकागद, आत उमटवलेलं पाणचिन्ह, शाईशिवाय दाबलेला उठावाचा शिक्का, सही, क्रमांक. आणि दोन कोपऱ्यांत दोन ओळी: 'बनावट करणाऱ्यास कायदा मृत्युदंड देतो' आणि 'खबर देणाऱ्यास राष्ट्र बक्षीस देते'. भाजी आणायला निघालेल्या बाईच्या मुठीतल्या कागदावर फाशीची धमकी छापलेली होती. तरी बनावट नोटा आल्याच. फ्रान्सचं चलन बुडावं म्हणून इंग्लंडमध्येही त्या छापल्या गेल्या.

एका प्रकारचा पैसा देऊन दुसरा घेताना आपला सराफ जी कपात करायचा, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो हाच. आसिन्याला लागलेला बट्टा सरकारी नोंदींतच दिसतो. १७९२ च्या सुरुवातीला शंभरच्या कागदाला सुमारे सत्तरची नाणी मिळत. १७९३ च्या उन्हाळ्यात चतुर्थांशही नाही. मग दहशतीचं राज्य आलं. कागद नाकारणं हा गुन्हा, धान्याचे आणि मजुरीचे भाव कायद्याने बांधलेले, पाठीमागे गिलोटिन. किंमत पुन्हा निम्म्याजवळ चढली. १७९४ मध्ये या दहशतीचा पुढारी रोबेस्पिएर पडला, भावांवरची बांधणी सुटली आणि १७९५ संपता संपता शंभरचा कागद एका नाण्यालाही महाग झाला.

१९ फेब्रुवारी १७९६ ला पॅरिसच्या वाँदोम चौकात लोकांसमोर आसिन्या छापायची यंत्रं आणि ठसे मोडून जाळले. तोवर सुमारे ४५ अब्ज लिव्रचा कागद बाहेर गेला होता. नंतर 'मांदा' नावाचा दुसरा कागद आणला, तीस आसिन्यांना एक. तो वर्षभरही टिकला नाही.

यात सगळेच बुडाले नाहीत, आणि हे सांगितल्याशिवाय आसिन्या समजत नाही. ज्यांनी सुरुवातीला चर्चची जमीन हप्त्यांवर घेतली, त्यांनी पुढचे हप्ते कवडीमोल कागदात भरले. गावातले सधन शेतकरी आणि शहरातले वकील-व्यापारी असे जमीनदार झाले. बुडाला तो ठरलेल्या पगाराचा माणूस, म्हातारपणासाठी व्याजावर पैसा ठेवलेला माणूस, कर्ज देऊन विश्वासाने थांबलेला माणूस. फ्रान्समध्ये पुढे कित्येक पिढ्या लोक सोन्याचं नाणं पेटीत ठेवण्यावर अडून राहिले. परदेशी लोक त्याला त्यांचा चिक्कूपणा म्हणत. मला तर त्यात आजोबांनी नातवंडांना दिलेली ताकीद दिसते.

या राखेतून आजच्या अर्थाचा फ्रँक उभा राहिला. १७९५ मध्ये लिव्र हे नाव रद्द झालं. तेव्हा फ्रान्सने मीटर, ग्रॅम, लिटर आणले होते आणि लिव्र हे वजनाचंही जुनं नाव होतं. जुन्या बोलीतला फ्रँक पुढे आला, आणि त्याचे शंभर सांतीम झाले. ८१ लिव्रचे ८० फ्रँक, इतका बारीक फरक. मग ७ एप्रिल १८०३ ला नेपोलियनच्या राजवटीत पक्का कायदा झाला. क्रांतीच्या पंचांगात तो महिना 'जर्मिनाल', अंकुरांचा महिना, म्हणून हा जर्मिनाल फ्रँक. एक फ्रँक म्हणजे पाच ग्रॅमचं चांदीचं नाणं, दहात नऊ भाग शुद्ध. सोन्याशी प्रमाण साडेपंधरास एक. म्हणजे फ्रँकमध्ये शुद्ध सोनं ०.२९ ग्रॅम, अडीच गुंजांना थोडं कमी.

यातली सुबकता मला फार आवडते. दोनशे फ्रँकची नाणी तराजूत टाकली की बरोबर एक किलो. पाच ग्रॅमचं वजन हरवलं तर खिशातला फ्रँक काढून ठेवायचा. वहीतला पैसा आणि हातातला पैसा शेवटी एक झाला. राजाला फर्मान काढून जिथून खेळ करता यायचा, ती फट बुजली.

पुढची १११ वर्षं त्या सोन्यात फरक पडला नाही. नेपोलियन गेला, राजे आले आणि गेले, दुसरं साम्राज्य उभं राहून कोसळलं, फ्रँक अडीच गुंजांवर ठाम. १८७१ मध्ये जर्मनीने पाच अब्ज फ्रँकचा दंड लादला तर सरकारने रोखे काढले, लोकांनी ते उचलले आणि सप्टेंबर १८७३ पर्यंत दंड फिटला. त्याआधी १८६५ मध्ये बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी फ्रान्सशी करार करून आपली नाणी त्याच वजनाची केली होती. व्याजावर जगणं हा मध्यमवर्गाचा रीतसर व्यवसाय झाला. पन्नाशीत दुकान विकायचं, सरकारी रोखे घ्यायचे आणि उरलेलं आयुष्य तीन टक्क्यांवर काढायचं.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं गेलं. तात्पुरतं, असंच सगळ्यांना वाटलं. लोकांनी देशासाठी आपलं सोनं बँकेत आणून दिलं आणि नोटा घेऊन घरी गेले. युद्धानंतर जर्मनी भरपाई देईल या आशेवर कर्जावर कर्ज चढत गेलं. १९१४ मध्ये एका पौंडाला पंचवीस फ्रँक पडत, जुलै १९२६ मध्ये दोनशे चाळीसच्या आसपास. तेव्हा प्वाँकारे पुन्हा पंतप्रधान झाला, कर वाढवले, घसरण थोपवली आणि जून १९२८ मध्ये फ्रँकचं सोनं नव्याने ठरवलं: ०.०५९ ग्रॅम. अर्धी गुंज. जुन्या फ्रँकचा पाचवा हिस्सा. वीस सूंचा पाचवा हिस्सा चार सू, म्हणून लोक त्याला 'चार सूंचा फ्रँक' म्हणाले. सरकारी इतिहासात प्वाँकारेने फ्रँक वाचवला अशी नोंद आहे, आणि ते खोटं नाही. पण १९१४ आधी रोखे घेतलेल्या म्हाताऱ्यांच्या पाच पैशांतले चार गेले होते. सोनं देऊन आलेल्यांचंही तेच झालं.

त्यानंतरची तीस वर्षं भरभर सांगतो, कारण घसरणीत नवं काही नाही. १९३६ मध्ये पुन्हा सोनं कमी, दुसरं महायुद्ध, जर्मन ताबा, महागाई, अवमूल्यन, पुन्हा अवमूल्यन. १९५८ च्या शेवटी एका डॉलरला ४९३ फ्रँकहून जास्त. पावाच्या लादीला दहांच्या हिशोबात फ्रँक, मोटारीला लाखांत. एका फ्रँकमधलं सोनं १.८ मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेचे साठाहून जास्त तुकडे केले तर त्यातला एक. जर्मिनाल फ्रँकच्या तुलनेत एकशेसाठावा भाग, आणि ही सगळी घसरण चव्वेचाळीस वर्षांत.

महायुद्धातला फ्रेंच सेनानी द गॉल सत्तेवर आला तेव्हा त्याला हे लाजिरवाणं वाटत होतं. अर्थमंत्री पिने आणि अर्थतज्ज्ञ र्‍युएफ यांच्या योजनेत अवमूल्यन होतं, खर्चाला कात्री होती आणि नवा फ्रँक होता. १ जानेवारी १९६० पासून शंभर जुन्यांचा एक नवा. दोन शून्यं पुसली. सोनं आता दीड गुंज. माझ्या हातातलं नाणं ते हेच, आणि त्यावर पेरणारी मुद्दाम परत आणली होती. जुनी एक आणि दोन फ्रँकची नाणी रद्दही झाली नाहीत, ती एक आणि दोन सांतीम म्हणून चालू राहिली. म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यात '१ फ्रँक' लिहिलेली दोन नाणी शेजारी पडलेली, एक दुसऱ्याचा शंभरावा भाग.

कायद्याने शून्यं पुसली, लोकांच्या डोक्यातून ती पुसली गेली नाहीत. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणा सव्वासहा पैशांचा, त्यामुळे दुकानांत कोष्टकं टांगावी लागली. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला, पण चार आणे, आठ आणे, बारा आणे आपण पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. सोळा आणे खरं तर अजूनही म्हणतो. फ्रान्समध्ये तसंच झालं, त्याहून चिवटपणे. नोटांवरचा 'नवा' हा शब्द १९६३ मध्ये सुटला, पण घराची, शेताची, मोटारीची किंमत लोक जुन्यातच सांगत. दहा लाख जुन्या फ्रँकना बोलीत 'वीट' म्हणत, म्हणजे दहा हजार नवे. 'शंभर सू' म्हणजे पाच फ्रँक. लॉटरीचं बक्षीस सांगताना 'इतके दशलक्ष सांतीम' असं म्हणायची पद्धत पडली, कारण नवा सांतीम म्हणजे जुना फ्रँकच. चाळीस वर्षांनी, युरो यायच्या वेळीही, वयस्कर लोक आधी नव्याचा जुना करत आणि मग मोठेपणा समजून घेत. मला यात अडाणीपणा दिसत नाही. ज्या मापात माणसाने पहिला पगार मोजला, त्याच मापात त्याला महाग-स्वस्त कळतं.

शेवटच्या नोटा देखण्या होत्या. पन्नासवर विमान उडवणारा लेखक सँत-एक्झुपेरी, शंभरवर चित्रकार सेझान, दोनशेवर मनोऱ्याचा इंजिनिअर आयफेल, पाचशेवर मारी आणि पिएर क्युरी. १९९९ च्या सुरुवातीपासून एक युरो म्हणजे ६.५५९५७ फ्रँक असा दर कायमचा गोठवला गेला. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा-नाणी आली, १७ फेब्रुवारीला मध्यरात्री फ्रँक चलनातून बाद झाला. नाणी बदलून घ्यायला २००५ पर्यंत मुदत होती, नोटांना १७ फेब्रुवारी २०१२ पर्यंत. त्यानंतर उशीखाली, पुस्तकात, कपाटाच्या मागे ज्या निघाल्या त्या फक्त संग्राहकांच्या. पेरणारी बाई मात्र फ्रान्सच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नव्या युरो नाण्यांवर २०२४ पर्यंत चालत राहिली.

आणि फ्रँक पूर्ण गेलेला नाही. स्वित्झर्लंडचा फ्रँक आहेच, तो वेगळ्या वाटेने टिकला. मला आठवतो तो सेएफआ फ्रँक. २६ डिसेंबर १९४५ ला फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी तो काढला. मूळ नावातली आद्याक्षरं 'आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती' अशी होती, स्वातंत्र्यानंतर अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलले. सेनेगल, कोट दिव्हुआर, कॅमेरून, गॅबॉन असे चौदा देश आजही या नावाचा पैसा वापरतात. पश्चिमेतल्या आठांचा एक, मध्यातल्या सहांचा दुसरा. फ्रेंच फ्रँकशी त्याचं नातं अनेक दशकं पन्नासास एक होतं. जानेवारी १९९४ मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथल्या बैठकीनंतर ते शंभरास एक झालं. औषधं, तांदूळ, पेट्रोल, बाहेरून येणारं सगळं फ्रँकच्या हिशोबात एका झटक्यात दुप्पट महाग. साठवलेला पैसा तिथेही साध्या माणसाचाच अर्धा झाला, आणि वाटाघाटींत त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आज एका युरोला ६५५.९५७ सेएफआ फ्रँक मिळतात. आकडा विचित्र वाटतो, पण ६.५५९५७ ला शंभराने गुणून बघा. डाकारच्या बाजारात आज मासळी विकली जाते ती या आकड्यावर. त्यातला शंभर १९९४ चा आहे, आणि उरलेला २००२ मध्ये बंद झालेल्या फ्रेंच फ्रँकचा.